कागदामागची भिंत

बॉबिन रोच्या विषम आकड्यांच्या बाजूला घरं दहा. माणसं एकेचाळीस, त्यांत तान्ही दोन. संडास पाच, मागच्या अंगणापलीकडे, दोन घरांत एक. थंड पाण्याचे नळ दहा, प्रत्येक घरात दगडी मोरीवर एक. गरम पाण्याचा एकही नाही. आंघोळीचे पत्र्याचे टब नऊ, कारण पंधरा आणि सतरा नंबरवाले एकच टब आळीपाळीनं वापरत. फुटक्या काचा तीन. दारापुढच्या पायऱ्या दहा, आणि दहाच्या दहा पांढऱ्या दगडानं घासून लख्ख केलेल्या. ओल असलेल्या भिंती : शून्य.

हा शेवटचा आकडा लिहून क्लेमेंट ग्रीव्हजनं पेन्सिल कानामागे खोचली आणि ओळीच्या टोकाकडे पाहिलं. तिथं एकोणीस नंबरच्या आडभिंतीला टेकून कालव्याचा बांध होता. कालव्यातलं पाणी या घरांच्या जमिनीपेक्षा हातभर उंच. शंभर वर्षांपूर्वी कुणा गिरणीमालकानं पायात ओल अडवणारा डांबराचा किंवा पाटीच्या दगडाचा थर न घालता ओल्या मातीवर विटा रचत नेल्या होत्या. अशा ठिकाणी ओल शून्य निघावी म्हणजे बुडत्या होडीत पाणी शून्य निघण्यासारखंच होतं.

क्लेमेंटला चौपन्नावं वर्ष लागलं होतं. त्यातली निम्मी वर्षं त्यानं रेव्हन्सक्लफ या गिरणगावाच्या जिन्यांवरून आणि तळघरांतून काढली होती, आणि ती सगळी आता गुडघ्यांत येऊन बसली होती. यंदा सरकारनं त्याच्या हुद्द्याचं नाव बदललं होतं. स्वच्छता निरीक्षकाचा तो सार्वजनिक आरोग्य निरीक्षक झाला होता. लोकांनी मात्र दोन्ही नावं कधी वापरली नाहीत. तो ढेकूणवाला होता. महायुद्धाच्या आधी नगरपालिकेची बंद गाडी घेऊन तो घराघरांतून ढेकणांचे पलंग, गाद्या, खुर्च्या बाहेर काढायचा आणि ढेकूण मारायला गॅसच्या खोलीत न्यायचा. कुणाच्या दारात गाडी थांबली हे सगळा रस्ता पडद्याआडून बघायचा. त्या गाडीला भंगारात जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, तरी क्लेमेंट येणार अशी कुणकुण लागली की बायका अजून पदरची झोप मोडून घासायला बसत.

"शून्य?" डॉक्टर पिकर्सगिल म्हणाले. ते गावाचे आरोग्य अधिकारी. खुर्चीत बसूनही ते घाईत असल्यासारखे दिसत. "कालव्याच्या कडेला शून्य?"

"हात लावून पाहिलं. कोरड्या आहेत. नवा कागद आहे सगळीकडे. व्हिटसनचा सण जवळ आलाय ना."

"तुमचा हात आता पुरे, ग्रीव्हज."

दोघांनाही मागच्या वर्षीची सुनावणी आठवत होती. पाडायच्या घरांबद्दल मालकाची हरकत होती आणि मालकानं बॅरिस्टर आणला होता. बॅरिस्टरनं विचारलं, "ओल आहे म्हणजे किती आहे?" क्लेमेंट म्हणाला, "हाताला लागते इतकी." बॅरिस्टरनं लोकांकडे वळून आपला पांढरा, मऊ पंजा वर केला आणि विचारलं, "तुमच्या की माझ्या?" सभागृह खो खो हसलं. ती घरं अजून उभी होती आणि त्यांत माणसं राहत होती.

"या वेळी आकडा पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "टोकाचं घर आधी घ्या. तेच कोरडं निघालं तर बाकीच्यांचं काय मोजणार? मग सगळी ओळ दुरुस्तीत टाकू. मालकाला अनुदान मिळेल, तो वरच्या खोलीत न्हाणीघर बसवील, भाडं वाढवील, झालं. आणि हे बघा, खाली पायाजवळ ओल दाखवून उपयोग नाही. ती दुरुस्त होते असं ते म्हणणार. चार फुटांवरची दाखवा. तिथं शेकडा पाचाच्या वर ओलावा असेल तर ती भिंत दुरुस्तीच्या पलीकडची. पाचाच्या वर एक दशांश असला तरी मी लढेन. एक दशांश खाली असला तर तोंड उघडणार नाही."

"टोकाच्या घरात क्रॅबट्री राहतात," क्लेमेंट म्हणाला.

"छातीचा आजारी? गिरणीच्या पिंजणखात्यातला?"

"तोच."

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. टेकडीवर नव्या वसाहतीत एकमजली घरं बांधून होत आली होती. त्यांतली सहा त्यांनी आजारी माणसांसाठी राखून ठेवली होती, पण नियम असा की ती पाडलेल्या घरांतल्या माणसांनाच मिळणार. बाकीच्यांनी रांगेत उभं राहायचं, आणि रांग आठ वर्षांची होती.

"वॉल्टर क्रॅबट्रीजवळ आठ वर्षं नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पण हे मी बॅरिस्टरला सांगू शकत नाही. यंत्र घेऊन जा."

यंत्र म्हणजे पावाच्या डब्याएवढी एक पेटी. वर तबकडी, तबकडीवर काटा, आणि पेटीतून निघालेल्या दोन तारांच्या टोकांना दोन पोलादी सुया. सुया भिंतीत टोचायच्या. भिंत जितकी ओली तितकी वीज सोपेपणानं वाहणार आणि काटा शून्याकडून शंभराकडे सरकणार. तबकडीवरचे आकडे शेकडा ओलाव्याचे नव्हते; काटा दहाच्या आत राहिला की भिंत कोरडी समजायची. खात्यात असं यंत्र एकच होतं आणि ते गुरुवारी मोकळं झालं.

सतरा नंबरच्या पायरीवर एडा पिलिंग गुडघे टेकून पांढरा दगड घासत होती. साठीची, आडव्या बांध्याची बाई. क्लेमेंटला बघून तिनं मान वर केली, पण हात थांबवला नाही.

"आज रेडिओ विकताय का, मिस्टर ग्रीव्हज?"

"ओल मोजायचं यंत्र आहे."

"अगं बाई! आता ढेकूण मोजायचंही निघेल." तिनं ओलं फडकं पिळलं. "माझी पायरी वाळतेय. लांबून जा."

तो लांबून गेला. एकोणीस नंबरचं दार ऑलिव्ह क्रॅबट्रीनं त्यानं ठोठावायच्या आतच उघडलं. बारीक, ताठ, केस घट्ट बांधलेले, ॲप्रनला इस्त्री.

"पाय पुसा."

"पुसले."

"मी बघत होते. परत पुसा."

"पुसा हो साहेब," आतून खरखरीत आवाज आला. "काल तिनं मलासुद्धा दोनदा पुसलंय."

पुढच्या खोलीत, आडभिंतीला लागून पलंग होता आणि पलंगावर तीन उशांना टेकून वॉल्टर बसला होता. पंचेचाळिशीचा माणूस, पण गालफडं साठीची. बावीस वर्षं कापसाची धूळ खाल्ल्यावर त्याची छाती आता जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर संप करायची, म्हणून गेल्या हिवाळ्यात पलंग खाली आणला होता. अंगणापलीकडच्या संडासापर्यंत जायलाही त्याला वाटेत एकदा नळाला धरून थांबावं लागे. दुरुस्तीतलं न्हाणीघर वरच्या खोलीत बसणार म्हणजे त्याच्या दृष्टीनं ते चंद्रावरच बसणार होतं.

खोली गरम होती. मे महिना असूनही शेगडीत निखाऱ्यांचा ढीग धगधगत होता. भिंतीवर पिवळ्या गुलाबांचा नवा कोरा कागद, सांधा कुठं दिसत नव्हता. हवेत खळीचा वास होता.

"छान लावलाय कागद," क्लेमेंट म्हणाला.

"रविवारी लावला."

"आणि शेगडी?"

"वॉल्टरला गारठा सोसत नाही."

"एवढी?"

"अर्धा कोळसा माझा आहे," दारातून एडा म्हणाली. ती हात पुसत मागोमाग आली होती. "शेजारधर्म. तेही लिहा हवं तर."

क्लेमेंट पलंगाशेजारी गुडघ्यावर बसला. गुडघा कुरकुरला. त्यानं पट्टीनं जमिनीपासून चार फूट मोजले, तिथं पेन्सिलीनं अगदी बारीक ठिपका केला, आणि ऑलिव्हनं तो ठिपका डोळ्यांत साठवून घेतला हे त्याला पाठीमागूनही जाणवलं. त्यानं सुया कागदात टेकवल्या. काटा किंचित हलला.

"नऊ," तो म्हणाला.

"म्हणजे?" वॉल्टरनं विचारलं.

"म्हणजे कोरडं."

ऑलिव्हचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच तिला कशाचा तरी अर्थ लागला. तिचं तोंड मिटलं.

क्लेमेंटला हा चेहरा ओळखीचा होता. गेल्याच महिन्यात ती बसनं टेकडीवर जाऊन आली होती, नव्या घरांच्या खिडकीतून आत डोकावून आली होती आणि तळमजल्यावरचं न्हाणीघर बघून घरी येऊन रडली होती. हे वॉल्टरनंच मागच्या खेपेला त्याला सांगितलं होतं. तिला ते घर हवं होतं. आणि तरीही, निरीक्षक येणार म्हटल्यावर तिनं आठवडाभर उसना कोळसा जाळून, नवा कागद डकवून, ज्या एका भिंतीच्या जोरावर ते घर मिळायचं ती भिंत सुकवून ठेवली होती. याला मूर्खपणा म्हणावं तर सगळा गावच मूर्ख होता. इथं बाई प्रसूतीला निघाली तरी आधी पायरी घासून निघायची.

त्यानं सुया जोर देऊन आत दाबल्या. काटा ताडकन उडून शंभरावर आदळला.

"शंभर!" वॉल्टर पुढं वाकला आणि त्याला खोकला आला. खोकला ओसरेपर्यंत सगळे थांबले. "शंभर पडले, ऑलिव्ह. शाळेत मला कधी चाळीसच्या वर मिळाले नाहीत."

क्लेमेंटनं सुया काढल्या, वीतभर बाजूला टोचल्या. शंभर. एक सुई तिथंच ठेवून दुसरी हातभर लांब टोचली. शंभर. काटा थरथरतही नव्हता. तो थोडा वेळ काट्याकडे बघत राहिला. ओल्या भिंतीत सुया जितक्या लांब न्याव्या तितका काटा उतरायला हवा. पाणी अंतराचा हिशोब ठेवतं. हे जे काही होतं ते ठेवत नव्हतं.

"कागदाच्या मागे काय आहे, मिसेस क्रॅबट्री?"

"भिंत."

"आणि भिंतीच्या पुढं?"

"कागद," एडा म्हणाली. "आता काय कोडी घालणार आहात?"

"मध्ये?"

ऑलिव्हनं ॲप्रनची इस्त्री हातानं आणखी सरळ केली.

"सांगून टाक, बये," वॉल्टर म्हणाला. "त्याच्या सुयांना कळलंय."

"वर्ख," ऑलिव्ह म्हणाली. "शिशाचा. चहाच्या पेटीतला."

वाणी चहाच्या रिकाम्या पेट्या मागच्या दारी टाकायचा. पेट्यांना आतून शिशाचा पातळ वर्ख असायचा. तो सोलून, सपाट करून, मैद्याच्या खळीत थोडी तुरटी घालून भिंतीवर डकवायचा, आणि वर कागद लावायचा. ओल वर्खाच्या मागे कोंडून राहायची. एडाच्या आईनं हे एडाला शिकवलं होतं, एडानं ऑलिव्हला. रस्त्यातल्या प्रत्येक बाईला हे येत होतं आणि प्रत्येक बाई आपल्या घरी हे नाही असं धरून चालायची.

क्लेमेंट पलंगाच्या कडेवर बसला. न विचारता बसला. त्याचे पाय दमले होते.

"हा आकडा भिंतीचा नाही," तो म्हणाला. "शिशाचा आहे. धातूला सुई लागली की काटा असाच पळतो."

"पण भिंत ओली आहेच ना?" वॉल्टर म्हणाला. "मी रात्रंदिवस तिला पाठ लावून झोपतो. माझ्या पाठीला विचारा."

"तुमच्या पाठीला बॅरिस्टर विचारणार नाही."

"मग शंभर लिहा. खोटं कुठं आहे? तुमच्या यंत्रानंच दाखवलं."

क्लेमेंटनं पेन्सिल कानामागून काढली. ते सोपं होतं. शंभर लिहायचं, सही करायची, यंत्र बंद करायचं, आणि या माणसाला टेकडीवर न्यायचं. काट्यानं शंभर दाखवले हे अक्षरशः खरं होतं. डॉक्टरांनी काही विचारलं नसतं. आज गुरुवार होता, पाऊण तासात बस होती, आणि खरं सांगायचं तर त्याला या क्षणी घरी जाऊन बूट काढण्यापलीकडे काही नको होतं.

पण मालकाचा माणूस कागदाचा एक कोपरा उचकटील. आत वर्ख चमकेल, आणि सभागृह पुन्हा हसेल. मग हे घर जाईल, आणि त्यानंतर त्यानं कुठल्याही घराचा कुठलाही आकडा सांगितला तरी कुणी तो घेणार नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की वर्खामागची भिंत चार फुटांवर किती ओली आहे हे त्याला खरोखरच माहीत नव्हतं. वॉल्टरची पाठ पलंगाच्या उंचीवर होती, दोन फुटांवर.

"लिहिलं तर ते पकडतील," तो म्हणाला. "कागद काढावा लागेल. वर्ख काढावा लागेल. आतला गिलावा आणि विटांमधला चुना खोदून नमुना घ्यायचा, डबीत बंद करायचा, आणि तपासनिसाकडे पाठवायचा. ते त्याचं वजन करतात, तो भट्टीत सुकवतात, परत वजन करतात. त्या आकड्याशी कुणाला भांडता येत नाही."

"काढायचा? हा कागद?" ऑलिव्हचा आवाज चढला. "व्हिटसनच्या तोंडावर? वॉल्टरची बहीण बोल्टनहून येतेय, नवरा-मुलांसकट. त्यांना मी काळी भिंत दाखवू?"

"मिसेस क्रॅबट्री, घर राहण्याजोगं नाही हे मला दाखवायचंय."

"एकवीस वर्षं राहतेय मी इथं! राहण्याजोगं नाही म्हणजे काय? एक झुरळ दाखवा. एक डाग दाखवा. तुम्ही कधी गाडी आणली होती या दारात? सांगा, आणली होती?"

"नाही."

"मग!"

"तुमच्यात खोट नाही हो. विटांत आहे."

"तुमच्या त्या अहवालावर कुणाचं नाव लिहिणार तुम्ही? विटांचं?"

अहवालात घरात राहणाऱ्याचंच नाव लिहायचं असे.

"आणि समजा सोललं," एडा म्हणाली, "आणि तुमचा तो भट्टीवाला म्हणाला कोरडं आहे, तर?"

"तर दुरुस्ती."

"म्हणजे हिची अब्रूही गेली आणि घरही गेलं."

"हो."

"आणि ओलं निघालं तर आमच्याही भिंती सोलणार तुम्ही. मला नाही जायचं कुठं. माझी आई त्या खोलीत गेली. टेकडीवर म्हणे शेजारणीला हाक मारायची तर बागेतून जावं लागतं."

"तुम्हाला न्हाणीघर नको?" क्लेमेंटनं विचारलं.

"अर्धा टब आहे माझा," एडा म्हणाली.

वॉल्टर हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. या वेळी तो लवकर थांबला नाही. ओठ निळसर झाले, हात पलंगाची कड शोधू लागला. ऑलिव्हनं त्याच्या पाठीमागे हात घालून त्याला पुढं कलतं धरलं. ती त्याच्याशी काही बोलत नव्हती, नुसती धरून होती. तिची नजर गुलाबांवर होती. क्लेमेंट उठून खिडकीशी गेला. अशा वेळी बघू नये एवढं त्याला इतक्या वर्षांत कळलं होतं.

खोकला थांबल्यावर वॉल्टर डोळे मिटून म्हणाला, "ऑलिव्ह, कागद कागद आहे गं."

"एकेक पट्टा जुळवायला मला दोन दिवस लागले," ती म्हणाली.

मग तिनं त्याला उशांना टेकवलं, स्वयंपाकघरात गेली आणि भाजीची सुरी घेऊन आली. क्लेमेंट पुढं झाला, तशी ती म्हणाली, "तुम्ही नको. वेडंवाकडं फाडाल." तिनं पलंग एका टोकाला धरला, एडानं काही न बोलता दुसरं टोक धरलं, वॉल्टरसकट पलंग दोन हात सरकला. ऑलिव्हनं सुरीचं टोक छताजवळच्या सांध्यात घातलं आणि पिवळ्या गुलाबांचा पट्टा वरून खाली, एका सलग ओढीत उतरवला.

त्याखाली निळे पट्टे होते. त्याखाली वेली. त्याखाली लढाईच्या वर्षांतला करडा, जाड कागद, त्याखाली कुठलीशी पाखरं. दर व्हिटसनला एक. थर पुठ्ठ्यासारखे एकमेकांना चिकटून निघाले, आणि मग वर्ख आला, मळकट चांदीच्या रंगाचा, ठिकठिकाणी पांढऱ्या भुकटीनं खाल्लेला. तो तिनं सोलला तेव्हा त्याच्याबरोबर गिलाव्याचा एक पोपडा सुटून जमिनीवर पडला. फुटला नाही, बदकन बसला. आतली भिंत काळी होती. वीतभर उंचीच्या पट्ट्यात लोणा कापसासारखा फुलला होता. तळघराचा वास खोलीभर पसरला.

"बघा," ऑलिव्ह म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली ते कळलं नाही.

एडा पुढं झाली आणि भिंतीला तळहात लावला. "माझ्याहून बरी आहे," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून गेलो हे लक्षात येऊन घाईनं हात ॲप्रनला पुसू लागली.

क्लेमेंटनं छिन्नी आणि हातोडी काढली. खाली एक फुटावरचा चुना छिन्नीला साबणासारखा लागला. तो त्यानं एका डबीत भरला. चार फुटांवर मात्र छिन्नी खणखणली. तीन बोटं खोल गेल्यावर जो चुना निघाला तो करडा होता, ना धड ओला ना धड कोरडा. चिमटीत दाबला तर गोळा होई आणि सोडला तर सुटे. तिथली ओल आठवडाभराच्या आगीनं मागे रेटली होती. किती रेटली होती ते चिमटीला सांगता येत नव्हतं. त्यानं दुसरी डबी भरली, झाकणाभोवती मेण लावलं.

"वरचा कोरडा दिसतो," वॉल्टर म्हणाला. तो बारकाईनं बघत होता.

"दिसण्यावर नाही."

"शंभर लिहिले असते तर बरं झालं असतं, असं होणार नाही ना साहेब?"

"सांगता येत नाही," क्लेमेंट म्हणाला.

निघताना त्यानं जमिनीवरचे तुकडे गोळा करायला हात पुढं केला, पण ऑलिव्हनं केरसुणी आधीच आणली होती. तिनं फाटके थर आणि वर्ख टोपलीत भरले. मागच्या अंगणातून नेले असते तर कुणाला दिसले नसते. तिनं पुढचं दार उघडलं आणि भर दुपारी, बॉबिन रोच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांसमोरून, वर्ख चमकत असलेली टोपली डोक्याइतकी उंच धरून कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपापर्यंत नेली. परत आल्यावर तिनं पायरीवर पडलेला गिलाव्याचा चुरा बघितला, पांढरा दगड आणला आणि पायरी पुन्हा घासायला बसली.

व्हिटसनच्या रविवारी चर्चची मिरवणूक त्याच रस्त्यानं गेली. पांढऱ्या कपड्यांतली मुलं, रेशमी निशाण, पितळी बँड. क्लेमेंट बायकोबरोबर कोपऱ्यावर उभा होता. एकोणीस नंबरचं दार उघडं होतं आणि ऑलिव्ह दारातच खुर्ची टाकून, आतली खोली पाठीनं अडवून बसली होती. नणंद, तिचा नवरा आणि मुलं बाहेर फुटपाथवर उभी राहून बिस्किटं खात होती. आत कुणी जात नव्हतं. एडानं आपल्या दिवाणखान्यातला जाड पडदा काढून भिंतीवर ठोकायला दिला होता, आणि तिच्या स्वतःच्या खिडकीत पडदा नव्हता. बँड जवळून गेला तेव्हा आतून खोकला ऐकू आला, बँड पुढं गेला तेव्हाही येतच होता.

"ती बाई तुला बघून मान का फिरवते?" बायकोनं विचारलं.

"मी तिची भिंत सोलली."

"तुझं हे काम," ती म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला, कारण तो दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

तपासनिसाच्या कचेरीतून फोन आला तेव्हा क्लेमेंट दुसऱ्याच एका गल्लीतले संडास मोजून नुकता परतला होता. मिस थ्रेलफॉल बोलत होत्या. लेखी अहवाल टपालात आहे, पण डॉक्टरांना घाई आहे असं कळलं म्हणून सांगते, असं त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कोरडा आणि नीट होता. डॉक्टर पिकर्सगिल आपल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. क्लेमेंटनं खांदा आणि कान यांत फोन धरला आणि पेन्सिल घेतली.

"बॉबिन रो, घर क्रमांक एकोणीस, पूर्वेची आडभिंत, दोन नमुने," मिस थ्रेलफॉल म्हणाल्या. "मेण शाबूत होतं. दोन्ही दोनदा सुकवले, वजन स्थिर होईपर्यंत."

"हो."

"जमिनीपासून एक फुटावर, शेकडा सोळा पूर्णांक एक."

त्यानं लिहिलं.

"जमिनीपासून चार फुटांवर, शेकडा पाच पूर्णांक दोन."